उजेडाचं माप आपल्या हातात

आज एक काम करा. घरात असेल तो फोन हातात घेऊन बसा. स्वतःचा असेल तर उत्तमच, नवऱ्याचा किंवा लेकाचा असेल तरी चालेल. आज आपण फोटोबद्दल बोलणार आहोत, आणि फोटोत सगळ्यात आधी समजून घ्यायची गोष्ट म्हणजे उजेड.

बचत गटाच्या कामात फोटो किती ठिकाणी लागतो ते आठवून बघा. बैठकीचा फोटो, प्रशिक्षणाचा फोटो, प्रदर्शनाच्या अर्जाला जोडायचा मालाचा फोटो. व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतं, "ताई, फोटो पाठवा." घरकुलाचं बांधकाम कुठवर आलं, त्याचा फोटो. पिकात पाणी साचलं, त्याचा फोटो. पूर्वी कागदावर सही लागायची, आता सहीच्या जोडीला फोटो लागतो. आणि तो काळाकुट्ट आला किंवा पांढराफटक आला, की काम अडतं.

असा फोटो आला की आपण काय म्हणतो? "आमचा फोन स्वस्तातला आहे." मैत्रिणींनो, बहुतेक वेळा दोष फोनचा नसतो. उजेडाचं माप चुकलेलं असतं. फोटो काढताना कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा, या मापाला एक्स्पोजर म्हणतात. शब्द इंग्रजी असला तरी काम आपल्या रोजच्या ओळखीचं आहे.

तव्यावरची भाकरी घ्या. आच मोठी असेल तर भाकरी थोडा वेळ ठेवायची, आच मंद असेल तर जास्त वेळ. कच्ची राहिली तर पुन्हा तव्यावर टाकता येते. पण एकदा करपली की करपली, तिला काही करता येत नाही. फोटोचंही तसंच आहे. उजेड कमी पडला तर फोटो अंधारा येतो, आणि तो नंतर थोडाफार उजळवता येतो. पण उजेड जास्त झाला आणि एखादा भाग पांढराफटक झाला, तर तिथं काय होतं ते कॅमेऱ्याकडे उरतच नाही. साडीच्या काठाची नक्षी पांढऱ्यात गेली, की कितीही खटपट केली तरी ती परत येत नाही. म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा. थोडा कच्चा फोटो चालेल, करपलेला नको.

आता फोनच्या आत काय चालतं ते पाहू. फोनमध्ये एक छोटं भिंग असतं. त्यातून उजेड आत येतो आणि मागच्या चिपवर पडतो. स्टुडिओतल्या मोठ्या कॅमेऱ्यात भिंगाचं भोक लहानमोठं करता येतं. बहुतेक फोनमध्ये ते ठरलेल्या मापाचंच असतं. मग फोनच्या हातात दोन गोष्टी उरतात. पहिली म्हणजे वेळ. उजेड किती वेळ घ्यायचा? भर उन्हात फोन सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ घेतो. संध्याकाळी घरात बल्बच्या उजेडात तोच फोन सेकंदाचा विसावा-तिसावा भाग घेतो. ऐकायला हाही वेळ क्षणभराचाच वाटतो, पण तेवढ्यात आपला हात हलतो, समोरचं लेकरू मान वळवतं, आणि फोटो पुसट येतो. म्हणून घरात फोटो काढताना कोपरं अंगाशी धरा, भिंतीला किंवा खांबाला टेका, आणि श्वास सोडून मग बटण दाबा.

दुसरी गोष्ट म्हणजे आयएसओ. नाव अवघड आहे, पण तुम्ही रेडिओ ऐकणाऱ्या आहात, तुम्हाला ती लगेच कळेल. स्टेशन नीट लागत नसेल तर आपण काय करतो? आवाज मोठा करतो. बोलणं मोठं ऐकू येतं, पण त्याबरोबर खरखरही मोठी होते. आयएसओ म्हणजे उजेडाचा आवाज मोठा करायचं बटण. अंधारात उजेड कमी मिळाला की फोन आहे तोच उजेड फुगवून दाखवतो, आणि त्याबरोबर फोटोत रवाळ ठिपके येतात. रात्रीच्या फोटोत चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखं दिसतं ना, ती फोटोतली खरखर. तिच्यावर एकच खरा उपाय आहे, तो म्हणजे जास्त उजेडात जाणं.

इथं आपले डोळेच आपल्याला फसवतात. उजेड मोजायचं माप आहे, त्याला लक्स म्हणतात. भर दुपारी मोकळ्या रानात साधारण एक लाख लक्स उजेड असतो. घरात ट्यूबलाइटखाली तो शंभर-दोनशेच्या आसपास असतो. म्हणजे अंगणातून घरात पाऊल टाकलं की उजेड कित्येक शे पटींनी कमी होतो. पण आपल्याला तसं जाणवत नाही, कारण डोळा पटकन जुळवून घेतो. आत आल्यावर क्षणभर अंधारी येते आणि मग सगळं दिसायला लागतं. कॅमेऱ्याला हे इतकं जमत नाही. एकाच फोटोत बाहेरचं ऊन आणि आतला अंधार दोन्ही असले, तर त्याला बहुधा एकच सांभाळता येतं. कोणतं सांभाळायचं, हे आपण सांगायचं असतं. आपण सांगितलं नाही, तर तो स्वतःच्या हिशोबानं ठरवतो.

त्याचा हिशोब काय आहे? आजच्या बोलण्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. कॅमेऱ्याला समोर काय आहे ते खरोखर कळत नाही. तो समोरचा उजेड मोजतो आणि सगळ्याची सरासरी मधल्या करड्या रंगावर आणायला बघतो. फार उजळही नको आणि फार काळंही नको. समोर अंगण, झाड, माणूस असं सगळं मिसळून असेल तेव्हा हा हिशोब बरोबर बसतो. पण समोर सगळं पांढरं असेल किंवा सगळं काळं असेल, तर तो चुकतो.

आपल्या सोलापूर जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. मालदांडी ज्वारीच्या कडक भाकऱ्या पांढऱ्या कापडावर मांडून फोटो काढला. भाकरी उजळ, कापड पांढरं. कॅमेऱ्याला वाटतं, उजेड फार झाला, कमी करा. मग भाकरी मळकट दिसते, कापड न धुतल्यासारखं दिसतं. आता उलट बघा. काळी घोंगडी अंगणभर पसरून फोटो काढला. कॅमेऱ्याला वाटतं, अंधार आहे, उजेड वाढवा. काळीभोर घोंगडी राखाडी दिसते, विटल्यासारखी. आमच्या भागातल्या एका गटाच्या तीन घोंगड्या शहरातून परत आल्या. गिऱ्हाईक म्हणालं, फोटोत राखाडी होती, ही तर काळी आहे. घोंगडी चोख होती, विणकाम चोख होतं. पण येण्याजाण्याचं भाडं गटाच्याच माथी बसलं, आणि नफ्यातून तेवढे पैसे गेले.

म्हणून दुसरा नियम. ऐकायला उलटा वाटेल, पण लिहून ठेवा. समोर पांढरं असेल तर उजेड वाढवायचा, समोर काळं असेल तर उजेड कमी करायचा. पापड, कुरडया, ज्वारी, तांदूळ, पांढरी साडी यांना वाढवायचा. घोंगडी, काळा मसाला, कारळाची चटणी, काळी साडी यांना कमी करायचा. कॅमेरा सगळ्याला मधलं करायला बघतो, आपण त्याला म्हणायचं, "बाबा, पांढरं ते पांढरं राहू दे आणि काळं ते काळं."

हे त्याला सांगायचं कसं? आता फोन हातात घ्या आणि कॅमेरा उघडा. आधी पदराच्या सुती टोकानं मागचं भिंग हलक्या हातानं पुसून घ्या. पिठाचा, तेलाचा हात लागलेला असतो, त्यानं फोटोवर धुकं येतं. आता ज्या वस्तूचा फोटो काढायचा, ती पडद्यावर दिसते तिथं बोट टेकवा. एक चौकोन किंवा गोल उमटेल. याचा अर्थ, तुम्ही कॅमेऱ्याला सांगितलं की इथला उजेड मोज. बहुतेक फोनमध्ये त्या चौकोनाशेजारी सूर्याचं छोटं चिन्ह दिसतं. बोट वर सरकवलं की फोटो उजळतो, खाली सरकवलं की गडद होतो. काही फोनमध्ये ते आडवं सरकतं. सूर्य दिसलाच नाही तर कॅमेऱ्यात 'प्रो' नावाचा भाग असतो का ते बघा. त्यात 'ईव्ही' लिहिलेलं असतं. अधिक १ केलं की उजेड दुप्पट होतो, उणे १ केलं की निम्मा होतो. फोटोतला सगळा हिशोब असाच दुपटीचा आणि निमपटीचा असतो.

अजून एक युक्ती आहे. बोट दोन-तीन सेकंद तसंच दाबून धरलं, की बऱ्याच फोनमध्ये कुलपाचं चिन्ह येतं. म्हणजे माप कुलूपबंद झालं. आता फोन थोडा हलवला तरी उजेड बदलत नाही. एकामागून एक दहा वस्तूंचे फोटो काढायचे असतील, तर सगळे एकसारखे येतात. गिऱ्हाइकाला यादी पाठवताना ते फार कामाला येतं.

आता माणसांच्या फोटोकडे येऊ. गटाची बैठक कुठं भरते? कुणाच्या तरी ओसरीत, समाजमंदिरात, नाहीतर शाळेच्या खोलीत. दार एक, खिडकी एखादी. बायका दाराशी बसतात, कारण तिथं वारा लागतो. फोटो काढणारी आत उभी राहते. मग दाराबाहेरचं ऊन कॅमेऱ्यात शिरतं, कॅमेरा उजेड कमी करतो, आणि दाराशी बसलेल्या बायकांचे चेहरे काळे होतात. अंगणातलं झाड झकास दिसतं आणि माणसं सावल्यांसारखी.

ही गोष्ट वरवरची नाही. आमच्या एका गटातल्या आजी गेल्या. गट सुरू झाल्यापासून त्या सभासद होत्या, एकही हप्ता कधी चुकवला नव्हता. दिवसाला भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून मुलगा विचारत आला. आधार कार्डावरचा होता, पण तो म्हणाला, आई अशी दिसत नव्हती. गटातल्या वेगवेगळ्या फोनमध्ये शोधलं, तर आजी अकरा फोटोंत सापडल्या. अकराही वेळा दाराशी बसलेल्या. नऊवारीचा काठ कळत होता, हातातली काठी कळत होती, चेहरा एकातही नव्हता. शेवटी आधार कार्डावरचाच फोटो मोठा करून लावला. मैत्रिणींनो, आपल्यातल्या कितीतरी जणींचा आयुष्यात कुणी मुद्दाम फोटो काढलेला नसतो. जो काही असतो तो या बैठकीतलाच. तो नीट यायला हवा.

त्यासाठी फार काही करावं लागत नाही. फोटो काढणारीनं दाराकडे पाठ करून उभं राहायचं आणि बायकांनी दाराकडे तोंड करून बसायचं. म्हणजे बाहेरचा उजेड चेहऱ्यावर येतो. जागा बदलता येत नसेल तर चेहऱ्यावर बोट टेकवा आणि सूर्य वर सरकवा. मागचं अंगण पांढरं होईल, होऊ द्या. 'करपलेला नको' हा नियम ज्या गोष्टीसाठी फोटो काढतोय तिच्यासाठी आहे, मागच्या अंगणासाठी नाही. आणि बाहेर फोटो काढायचा असेल तर भर उन्हात ओळ लावू नका. दुपारी बाराच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या खळ्या पडतात, कपाळ चमकतं, सगळ्या डोळे मिचकावतात. लिंबाच्या दाट सावलीत या, किंवा सकाळी नऊच्या आत, संध्याकाळी पाचनंतर काढा. फक्त एकीवर ऊन आणि दुसरीवर सावली, असं होऊ देऊ नका.

इथं रंगाबद्दल थोडं स्पष्ट बोलू. आपल्यात कुणी गोरी, कुणी सावळी, कुणी काळी. एका ओळीत सगळ्या बसल्या, की सगळ्यात सावळ्या मैत्रिणीचा चेहरा आधी हरवतो. तिला वाटतं, आपलाच फोटो चांगला येत नाही, मग ती मागच्या ओळीत जाऊन बसते. पण यात तिच्या रंगाचा काही दोष नाही. फोटोच्या धंद्याचा इतिहासच तसा आहे. परदेशातल्या कोडॅक कंपनीच्या काळात फोटो धुणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवायला एक नमुन्याचं कार्ड मिळायचं. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असायचा. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिचा रंग नीट आला की माप बरोबर, असं धरत. सावळ्या माणसांचे चेहरे त्या मापात बसत नव्हते. पुढे वेगवेगळ्या रंगाच्या बायकांची कार्डं आली, पण त्याला १९९०च्या दशकापर्यंत वाट बघावी लागली. म्हणजे माप ठरवणाऱ्यांनी ज्यांना समोर ठेवलं, त्यांचेच फोटो चांगले आले.

आपण आपलं माप आपल्या मैत्रिणींना समोर ठेवून ठरवू. ओळीतल्या सगळ्यात सावळ्या चेहऱ्यावर बोट टेकवा, आणि तिचे डोळे, तिचं हसू नीट दिसेपर्यंत सूर्य हळूहळू वर न्या. गोऱ्या मैत्रिणीचं कपाळ पांढरं पडायच्या आत थांबा. सावलीत बसलात तर दोन्ही सहज जमतं. आणि एक लक्षात ठेवा. उजेड वाढवणं म्हणजे गोरं करणं नव्हे. फोनमध्ये 'ब्युटी' नावाचं बटण असतं, ते चेहरा गुळगुळीत करतं, कधी रंगही उजळवतं. ते बंद ठेवा. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, गोंदण, उन्हानं रापलेला रंग हे सगळं आपलं आहे. फोटोत ते नीट दिसावं, पुसलं जाऊ नये, यासाठी हा सगळा खटाटोप.

आता रानातला फोटो. अवकाळीनं ज्वारी लोळली, कांद्यात पाणी साचलं, गारांनी डाळिंब फुटलं. पंचनाम्याला माणसं येईपर्यंत पाणी ओसरतं, ऊन पडतं. फोटो काही पंचनाम्याची जागा घेत नाही, पण आपल्याकडे नुकसानीचा स्पष्ट फोटो असलेला केव्हाही बरा. असा फोटो काढताना आभाळ घात करतं. पाऊस होऊन गेल्यावरचं पांढरं आभाळ अर्ध्या फोटोत आलं, की खालचं पीक काळं पडतं. म्हणून फोन थोडा खाली झुकवा, आभाळ कमीत कमी घ्या. लोळलेल्या ताटांवर बोट टेकवा. सूर्य आपल्या पाठीशी ठेवा. साचलेलं पाणी चकाकत असेल तर दोन पावलं बाजूला सरका, चकाकी जाते आणि खालचा कांदा दिसतो. एक फोटो लांबून काढा, त्यात बांध किंवा विहिरीसारखी ओळखीची खूण येऊ द्या. एक जवळून काढा. आणि पुराव्याचा फोटो नंतर उजळवत बसू नका. काढतानाच माप नीट ठेवा आणि मूळ फोटो फोनमध्ये तसाच जपा.

फ्लॅशबद्दलही बऱ्याच जणी विचारतात. फोनच्या फ्लॅशचा उजेड दोन-तीन मीटरच्या पुढे फारसा पोचत नाही. समाजमंदिरातल्या मागच्या ओळीला त्याचा काही उपयोग नाही. स्टीलची भांडी, प्लास्टिकची पाकिटं यांवर तो चकाकतो आणि लेबल वाचता येत नाही. शेंगा चटणीच्या पाकिटाचा फोटो काढायचा असेल तर फ्लॅश बंद करा. पाकीट खिडकीशी ठेवा आणि अंधाऱ्या बाजूला पांढरा कागद उभा करा. कागदावरून उजेड परतून येतो आणि ती बाजूही उजळते. दोन रुपयांचा कागद लाइटचं काम करतो.

काहींना वाटेल, हे आपलं काम नाही, फोटो-बिटो पोरांनी काढावेत. त्यांच्यासाठी एक नाव सांगतो आम्ही, होमाई व्यारावाला. जन्म १९१३ सालचा, गुजरातेत नवसारीला. शिक्षण मुंबईत, जे. जे. कला महाविद्यालयात. वर्तमानपत्रांसाठी फोटो काढणारी भारतातली पहिली बाई म्हणून त्या ओळखल्या जातात. देश स्वतंत्र होतानाचे कितीतरी फोटो त्यांनी काढलेले आहेत. त्या काळात बोट टेकवलं की माप घेणारा कॅमेरा नव्हता. ऊन बघायचं, सावली बघायची, मनाशी अंदाज बांधायचा आणि वेळ न् भोक हातानं ठरवायचं. फिल्म महाग, त्यामुळे एकेक फोटो मोलाचा. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापले जात. पुढे त्यांना पद्मविभूषण मिळालं. उजेडाचा अंदाज हा सरावानं येतो, आणि अंदाजाच्या बाबतीत आपण कुठं कमी आहोत? मूठ आणि चिमटीनं मीठ घालणाऱ्या, डोळ्यांनी धान्य जोखणाऱ्या बायका आहोत आपण.

तर या आठवड्याचं काम. गटातल्या दोघी-दोघींनी जोडी करा. एकच वस्तू किंवा एकच चेहरा घ्या आणि तीन फोटो काढा. पहिला फोन देईल तसा. दुसरा सूर्य वर सरकवून. तिसरा सूर्य खाली सरकवून. मग तिन्ही शेजारी-शेजारी ठेवून खऱ्या वस्तूशी ताडून बघा. कोणता फोटो वस्तूसारखा दिसतो? पांढऱ्या वस्तूवर एकदा करा, काळ्यावर एकदा. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं हे फोटो सगळ्यांना दाखवा. आणि ज्या मैत्रिणीला वाटतं की तिचा फोटो चांगला येत नाही, तिला त्या दिवशी दाराकडे तोंड करून सगळ्यात पुढं बसवा.

पुढच्या वेळी भेटू, तोवर सराव चालू ठेवा. नमस्कार.